पूर्ण न दिसणाऱ्या पोराला ज्युदो शिकायचाय, आपल्या मराठवाड्यात कुठं सोय आहे का?

सेलूचा मामा
नमस्कार मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकावा कळंना म्हणून 'खेळ'मध्येच टाकलाय, जागा चुकली असंल तर हलवा.

विषय असा की माझा भाचा, वय १५, त्याला जन्मापासून दिसत नाही. उजेड आहे का अंधार, एवढंच कळतं. निवासी अंधशाळेत शिकतो, सुट्ट्यांत आमच्याकडं सेलूला असतो. अंध खेळाडू कपिल परमारनं पॅरिसच्या पॅरालिम्पिकला ज्युदोचं ब्राँझ घेतल्याची बातमी शाळेत कुणीतरी वाचून दाखवली, तेव्हापासून एकच घोशा लावलाय, मला ज्युदो शिकवा. तबल्याला बसवला, बुद्धिबळ तर चांगलाच खेळतो, पण नाही, याला माणूस उचलून आपटायचाय. बहीण म्हणते आधीच देवानं एक गोष्ट कमी दिली, त्यात हातपाय मोडून आला तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू. दाजी काहीच बोलत नाहीत, ते तसंही कशावरच बोलत नाहीत.

मला एवढंच पाहिजे: न दिसणारा माणूस ज्युदो खेळतो म्हणजे नेमकं कसं खेळतो, धोका किती, आणि परभणी-जालना-लातूर-नांदेड ह्या पट्ट्यात कुणी शिकवतं का, का थेट पुण्यालाच धाडावं लागतं. ज्यांना खरंच माहितीय त्यांनी सांगा, गुगल मी पण केलंय.

खडाखडी
मामा जुडो बिडो सोडा, पोराला तालमीत घाला. आमच्या बीड जिल्ह्यातला पाटोद्याचा राहुल आवारे मातीतूनच वर गेला ना, २०१८ ला कॉमनवेल्थचं गोल्ड, २०१९ ला वर्ल्डचं ब्राँझ. जुडो म्हणजे आपलीच कुस्ती, फक्त सदरा घालून. धोबीपछाड तीच, टांग तीच, जपान्यांनी नावं बदलली फक्त.

वाकडी वाट
>>जुडो म्हणजे आपलीच कुस्ती, फक्त सदरा घालून
विमान आपलं, प्लॅस्टिक सर्जरी आपली, आता ज्युदो पण आपला. यादी कुणीतरी वरती चिकटवून ठेवा रे.

तातामी
खडाखडीराव, अहो तो सदराच तर सगळा खेळ आहे.

मी लातूरकडं शाळेच्या पोरांना ज्युदो शिकवतो, बरीच वर्षं झाली. पॅरा ज्युदोचा कोच नाही, पण एक पूर्ण न दिसणारी मुलगी माझ्या बॅचला होती, तेवढ्या जोरावर सांगतोय.

डोळसांच्या ज्युदोत पंच 'हाजिमे' (म्हणजे सुरू करा) म्हणाला की दोघं लांबून एकमेकाच्या कपड्याला हात घालायला झटतात, चांगली पकड मिळवण्यातच निम्मा जीव जातो. अंधांच्या ज्युदोत ही झटापटच काढून टाकलीय. पंच दोघांना मध्ये आणून उभं करतो, हाजिमे म्हणायच्या आधीच प्रत्येकाच्या एका हातात समोरच्याची बाही आणि एका हातात कॉलर असते, आणि मग सुरू. पकड पूर्ण सुटली की 'माते' (म्हणजे थांबा), परत मध्ये, परत पकड. मोठा बदल म्हणावा तो एवढाच. बाकी समोरच्याला जोरात, वेगात पाठीवर आपटला तर इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढत तिथंच जिंकली, खाली २० सेकंद दाबून धरला तर इप्पोन, लढत चार मिनिटांची, बरोबरी राहिली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे जादा वेळ, सगळं तेच.

कुस्तीला मी नावं ठेवत नाही, पण मामांचा भाचा आपल्या या सदस्याच्या नावातच मार खाईल :) खडाखडीत, म्हणजे पकडीआधी लांबून झटापट चालते तेव्हा, समोरचा वाकलाय का ताठ आहे, पटात कधी शिरला, न दिसणाऱ्याला कळायचं कसं? घामेजलेल्या उघड्या अंगावर हात टिकत नाही. कॉलर मुठीत असली की समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलं ते कापडातून समजतं. तो डाव टाकायला वळणार असंल तर बाही आधी सैल पडते, मग ताणते. माझ्या डोळस पोरांना हे उमगायला लई वेळ लागतो कारण ती खाली पायाकडंच बघत बसतात. कधीकधी मी त्यांच्या डोळ्याला रुमाल बांधून खेळवतो, पहिल्यांदा सगळे हसतात, नंतर आपटतात.

खडाखडी
सलामी घेतल्यावर हात धरूनच सुरू करायचं ठरवलं तर कुस्तीत पण होईल की.

तातामी
होईल, पण मग तुमचा वस्ताद म्हणंल ही कुस्तीच नव्हे. ज्युदोवाल्यांनी तो नियम करून ठेवलाय आणि १९८८ पासून, सोलच्या पॅरालिम्पिकपासून त्यावर खेळताहेत. बायकांचा ज्युदो २००४ ला अथेन्सला आला. इतक्या वर्षांत पंच, ग्रेडिंग, क्रमवारी सगळं तयार झालं. कुस्ती पॅरालिम्पिकमध्ये नाहीच, मग पोरगं तालमीत कितीही तयार झालं तरी त्याला पुढं न्यायचं कुठं?

नेत्रविभाग नांदेड
डॉक्टर नाही, पण डोळ्याच्या विभागात काम करते म्हणून एक सांगू द्या, उत्साह मोडायचा नाहीये.

'दिसत नाही' म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यात वेगळं काहीतरी झालेलं असतं. कुणाचा जन्मतः डोळाच वाढलेला नसतो, कुणाला काचबिंदू असतो, कुणाचा पडदा नाजूक असतो. पडदा सुटायची भीती असलेल्या, मोठा मायनस नंबर असलेल्या किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या मुलाला डोक्याला हिसका बसणारा खेळ चालत नाही. काचबिंदूवाल्याला श्वास कोंडून जोर लावणं, गळ्यावर दाब घेणं त्रासाचं ठरू शकतं. 'तसंही दिसत नाही तर आता जायचं काय राहिलंय' हे वाक्य मी ओपीडीत नातेवाइकांच्या तोंडून रोज ऐकते. अहो राहिलंय! उजेड-अंधार कळणं ही फार मोठी गोष्ट आहे, दार कुठं आहे, दिवस मावळला का, एवढं त्याच्यावर कळतं. आणि डोळा दुखायला लागला तर ते वेगळंच. तेव्हा मामा, आधी पोराची जुनी फाईल घेऊन डोळ्याच्या डॉक्टरला स्पष्ट विचारा की ज्युदोत पडतात, आपटतात, चालंल का. 'खेळू द्यायचं का' असं मोघम विचारलं तर ते कॅरम समजून हो म्हणतील.

सेलूचा मामा
ताई हे लई कामाचं सांगितलंत. फाईल बहिणीकडं आहे, बघतो. उजेडाचं तुम्ही म्हणता ते खरंय, तो खिडकीवरून घरातली दिशा धरतो.

भोपाळचा उदगीरकर
मी नोकरीनं भोपाळला आहे, मूळ उदगीरचा. कपिल परमार इथून जवळच्या सिहोर जिल्ह्यातला, शिवोर गावचा. लहानपणी शेतात पाण्याच्या मोटारीला हात लागून जबर शॉक बसला, सहा महिने कोमात होता, नंतर हळूहळू नजर गेली. वडील टॅक्सी चालवायचे, हा भावाबरोबर चहाची टपरी चालवायचा. पॅरिसला ६० किलो, जे१ (पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंध) गटात सेमीफायनल इराणच्या बनीतबाशी हरला आणि ब्राँझच्या लढतीत ब्राझीलच्या एलिएल्टन डी ऑलिव्हेराला १०-० नं पाडला, ३३ सेकंदांत. ५ सप्टेंबर २०२४. ज्युदोत भारताचं पॅरालिम्पिकमधलं हे पहिलंच पदक. त्याआधी हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सिल्वर होतं, तिथंच कोकिला कौशलातेला ब्राँझ होतं आणि पॅरिसला ती पण होती, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

पण मला सांगायचं ते वेगळंच. मध्य प्रदेशात हे आभाळातून पडलेलं नाही. इथं साइटसेव्हर्स आणि तरुण संस्कार या संस्थांनी गावाकडच्या अंध मुली-बायकांना स्वसंरक्षणासाठी ज्युदो शिकवायला घेतला होता. पदकाचा विषयच नव्हता, बाईला दिसत नाही म्हणून कुणीही हात टाकतं, तो हात कसा सोडवायचा एवढंच होतं. त्यातूनच जबलपूरकडची जानकी गौड पुढं आली, गोवरात पाचव्या वर्षी दृष्टी गेलेली मुलगी, २०१७ ला ताश्कंदला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ब्राँझ घेऊन आली. म्हणजे आधी गावात शिकणारी चार माणसं लागतात, मेडल त्यातून येतं. आपल्याकडं उलटं चाललंय, मेडल बघून ॲकॅडमी शोधायची.

हिशेबी
सगळं ऐकायला छान वाटतं, पण मला कुणीतरी रोखठोक सांगा. कपिल परमार एक. त्याच्या मागं ज्यांना काहीच मिळालं नाही ती पोरं किती? अंध मुलाला एमएससीआयटी करा, टायपिंग करा, बँकेच्या परीक्षेला बसवा. पंधरा ते वीस हीच वर्षं आहेत, ती आपटण्यात घालवली तर विसाव्या वर्षी हातात काय? गरिबाच्या घरी छंद परवडत नाही मामा, कडू वाटंल पण खरंय.

स्क्रीनरीडर
हिशेबी साहेब, मी तुमच्या हिशेबातला यशस्वी मुलगा आहे. पूर्ण अंध, धाराशिवला बँकेत नोकरीला, हे सगळं फोन वाचून दाखवतोय आणि मी टाइप करतोय. परीक्षेची तयारी करून नोकरीला लागलो, आईबाप खूश.

आता दुसरी बाजू ऐका. शाळेत आम्हाला पीटीच्या तासाला झाडाखाली बसवून ठेवायचे, 'तुम्ही बसा रे, पडाल'. इतकी वर्षं 'पडाल' ऐकलं की माणूस आकसून चालायला लागतो, खांदे वर, पाऊल अर्धं. नोकरी लागली तेव्हा मला बसस्टँड ते बँक एवढं चालायला घाम फुटायचा. आपल्याकडच्या नाल्यांवरचे ढापे कधी असतात कधी नसतात. एकदा काठी ढाप्याच्या फटीत अडकली आणि मी तोंडावर गेलो, पुढचा दात आणि मनगट दोन्ही गेलं, कारण पडताना हात ताठ पुढं केला. कुणी शिकवलंच नव्हतं कसं पडायचं. तुम्ही ज्याला 'आपटण्यात घालवलेली वर्षं' म्हणता ना, त्यातलं पहिलं वर्ष मला मिळालं असतं तर दात वाचला असता.

पदक बिदक मरू द्या. आणि टायपिंग संध्याकाळी पण होतं.

वाकडी वाट
स्क्रीनरीडर, दंडवत. आता यावर विनोद कसा करायचा सांगा.

स्क्रीनरीडर
मीच करतो. आपल्या गावाकडच्या कुस्तीत दोन्ही पैलवान डोळस आणि पंच आंधळा. ज्युदोत उलटं, एवढाच फरक.

खडाखडी
😂😂 हे मात्र पटलं. माळेगावच्या जत्रेत असाच एक निकाल लागलेला बघितलाय. चीत झालेला उठून फेटा बांधून घेत होता.

तातामी
पडण्याचा विषय निघालाय तर तेवढं सविस्तर लिहितो, कारण मामांच्या ताईला धास्ती त्याचीच आहे.

पहिले कितीतरी दिवस ज्युदोत समोर माणूसच नसतो. फक्त पडायचं. आधी बसून मागं लवंडायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं, मग खांद्यावरून कोलांटी. पडताना हात ताठ रोवायचा नाही, अंगापासून थोडा बाजूला, तळव्यापासून कोपरापर्यंत अख्खा हात मॅटवर फाडकन मारायचा म्हणजे धक्का हातावर पसरतो. आणि डोकं मागं आपटू नये म्हणून हनुवटी छातीला. ह्यासाठी आम्ही कोच लोक जगभर एकच वाक्य म्हणतो, 'पट्ट्याच्या गाठीकडं बघ'. त्या मुलीला मी सवयीनं तेच म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, सर बघू कशी?

मग तिचा हातरुमाल घेतला, चौघडी करून हनुवटीखाली दिला आणि म्हटलं हा पडू द्यायचा नाही. रुमाल पडला म्हणजे मान उघडली. तेव्हापासून डोळस पोरांना पण रुमालच देतो, गाठीकडं बघ म्हटल्यावर निम्मी पोरं नुसते डोळे खाली करतात आणि मान तशीच.

डाव दाखवायला मी मोठ्या मुलीला पवित्र्यात उभं करायचो आणि हिला हातानं बघ म्हणायचो. कंबर कुठं आली, गुडघे किती वाकले, टाच उचललीय का टेकलीय. एकदा तिनं हात फिरवून सांगितलं की ताईचा मागचा पाय सरळ राहतोय. मी समोर उभा होतो, मला दिसला नव्हता.

जालन्याची आई
तातामी सर, मोठ्या मुलीला उभं केलंत हे वाचून बरं वाटलं. शिकवणं सगळं हात लावूनच असणार म्हणजे मुलींच्या बाबतीत एक बाई हॉलमध्ये पाहिजेच, आणि लावायच्या आधी 'आता खांद्याला हात लावतोय' असं तोंडानं सांगायला पाहिजे. दिसणाऱ्या मुलीला हात येताना तरी दिसतो. यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

दुसरं, माझी मुलगी कर्णबधिर आहे, तिला यात काही आहे का? पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांचं नसतं म्हणतात.

तातामी
ताई, दोन्ही मुद्दे बरोबर. बाई नसंल तर मी मुलींची बॅच घेतच नाही.

कर्णबधिरांचं ऑलिम्पिक वेगळं असतं, डेफलिम्पिक्स, त्यात ज्युदो २००९ च्या तैपेईपासून आहे. चांगल्या कानाची श्रवणहानी निदान ५५ डेसिबल पाहिजे आणि लढताना मशीन काढून ठेवावं लागतं. तिथं नियम डोळसांचेच, पकड आधी दिलेली नसते. 'माते' ऐकू येत नाही म्हणून पंच अंगाला हात लावून थांबवतो. तुमच्या मुलीला कुठल्याही साध्या क्लबात घाला, फक्त कोचनं तिच्याकडं तोंड करून बोलायचं आणि शिट्टीवर विसंबायचं नाही. कुस्तीतलं नाव हवं असंल तर हरियाणाचा वीरेंदर सिंग आहे, ऐकू येत नाही, डेफलिम्पिक्सची सुवर्णपदकं आणि पद्मश्री.

विशेष शिक्षक हिंगोली
मतिमंद विद्यार्थ्यांच्या शाळेवर आहे. स्पेशल ऑलिम्पिक्समध्येही ज्युदो आहे, तिथं वयाबरोबर कुवत बघून जोड्या लावतात, गळा आवळणं, हात पिरगाळणं घेत नाहीत. एक धोक्याची सूचना, नेत्रविभाग ताईंसारखीच. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, बाहेरून अजिबात कळत नाही. त्यांना मानेची तपासणी केल्याशिवाय कोलांटीसुद्धा मारायला लावू नका. फिट येणाऱ्या मुलांचंही डॉक्टरला विचारूनच.

बाकी अनुभव म्हणाल तर आमच्या मुलांना सगळ्यात जास्त आवडतं ते वाकून नमस्कार करणं. लढतीआधी एकदा, लढतीनंतर एकदा. एक मुलगा समोरचा उठेपर्यंत वाकलेलाच राहतो.

हिशेबी
स्क्रीनरीडर, तुमचं वाचलं, उत्तर द्यायला वेळ घेतला. पडायला शिकण्याचं मान्य. पण 'पदक मरू द्या' हे तुम्ही नोकरी असताना म्हणताय. भाच्यानं पदकाची बातमी ऐकूनच हे डोक्यात घेतलंय, मामांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. त्याला कुणीतरी खरं सांगायला नको का की रस्ता किती लांब आहे?

स्क्रीनरीडर
सांगा की. सांगायला ना नाही, ठरवायला आहे. डोळस पोरगं धोनी व्हायचं म्हणतं तेव्हा कुणी त्याला बॅट घेऊन देताना आकडेवारी काढत नाही.

गोदाकाठ
एक शंका. भाच्याला काहीच दिसत नाही, पण 'अंध' गटात थोडं दिसणारे पण असतात ना? मग दोघांची लढत लावणं म्हणजे अन्यायच की.

तातामी
बरोबर पकडलंत. टोकियोच्या पॅरालिम्पिकपर्यंत तसंच होतं. बी१, बी२, बी३ असे तीन प्रकार होते पण वजनगटात सगळे एकत्र लढायचे. २०२२ पासून वेगळं केलं. पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंध ते जे१, थोडं दिसतं ते जे२, आणि दोघांची पदकं वेगळी. जे१ वाल्यांच्या बाह्यांवर लाल गोल असतो म्हणजे पंचाला कळतं. पॅरिसला पुरुषांचे ६०, ७३, ९० आणि ९० च्या वर, बायकांचे ४८, ५७, ७० आणि ७० च्या वर, प्रत्येकात जे१-जे२ मिळून १६ सुवर्णपदकं होती. २०२८ ला लॉस एंजेलिसलाही ज्युदो आहे.

आणि आधीच्या त्या 'अन्याया'च्या काळात ब्राझीलच्या अँतोनियो तेनोरियोनं काय केलं बघा. गलोरीचा मार लागून तेराव्या वर्षी एक डोळा गेला, दुसरा पुढं इन्फेक्शननं एकोणिसाव्या वर्षी. पूर्ण अंध माणूस, थोडं दिसणाऱ्यांच्या गटात खेळून १९९६, २०००, २००४, २००८ अशी ओळीनं चार सुवर्णं. मग २०१२ ला ब्राँझ, २०१६ ला सिल्वर. पंचवीस वर्षाच्या पोरांना पंचेचाळिशीत खेळवत होता.

खडाखडी
गलोरीचं वाचून आठवलं, आमच्या गल्लीत पण एकाचा डोळा असाच गेला. तो आता पिठाची गिरणी चालवतो, हातावर पीठ घेऊन चोळून सांगतो जाड आहे का बारीक. ज्युदोत घातला असता तर.

वाकडी वाट
विषयावर या. शिकवायचं कुठं? आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाची स्थिती सांगतो. मॅट आलेत. उद्घाटनाला अंथरले, फोटो झाले, गुंडाळून स्टोअरला ठेवले. स्टोअरची चावी एका साहेबाकडं, साहेबाची बदली झाली, चावी त्यांच्यासोबत गेली म्हणतात. हॉलला लाईट नाही. अंध खेळाडूंना तो हॉल द्यायला काहीच हरकत नसावी, त्यांना लाईटची गरज नाही.

सेलूचा मामा
हसून हसून वाट लागली, पण आमच्याकडं पण असंच आहे.

बरं, प्रगती सांगतो. फाईल घेऊन डॉक्टरकडं गेलो. ताईंनी सांगितलं तसं स्पष्ट विचारलं. जन्मतः दोष आहे, पडद्याला ओढ नाही, प्रेशर नॉर्मल, शिकायला हरकत नाही म्हणाले, दर सहा महिन्यांनी दाखवा. बहिणीला स्क्रीनरीडर दादांची दाताची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पण रात्री जेवताना पोराला म्हणाली, आधी फक्त पडायला शिकायचं, पाडायचं नंतर बघू. आता तातामी सर, तुमच्याकडं घ्याल का? सेलूहून लातूर रोज जमणार नाही.

तातामी
रोज नकोच. दिवाळीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस आणा, राहायची सोय करू, तेवढ्यात पडणं, पकड आणि एखादा डाव बसतो. पण तिथून पुढं त्याच्या शाळेच्या गावातच कुणीतरी पाहिजे. मराठवाड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी ज्युदोचे क्लब आहेत, शालेय स्पर्धा होतात, अगदीच वाळवंट नाही. 'अंधांचा ज्युदो' म्हणून वेगळा बोर्ड शोधत बसलात तर मिळणार नाही, साध्या ज्युदोच्या कोचकडं जा. तो घाबरंल, 'मला अनुभव नाही' म्हणंल. त्याला माझ्याशी बोलायला लावा. डोळस पोरांच्यातच खेळू द्यायचं, फक्त याच्याशी खेळताना पकड घेऊन सुरू करायची. पुढं स्पर्धेचं बघायचं तेव्हा लखनौची इंडियन ब्लाइंड अँड पॅरा ज्युदो असोसिएशन आहे, तिथून राष्ट्रीय स्पर्धा, वर्गीकरण वगैरे कळतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय ना?

मॅटबद्दल एक. दोन मॅटांमधली फट डोळस पोराला दिसते, याच्या पायाचं बोट तिच्यात अडकून मोडतं. कडेनं सगळे मॅट दोरीनं घट्ट आवळायचे. आणि मॅट संपायच्या हातभर आधी खालून जाड दोरी घालायची, तळपायाला उंचवटा लागला की त्याला कळतं आता कड आली.

स्क्रीनरीडर
मामा, एसटीत दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे आणि अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असंल तर सोबत्याला ५०. कंडक्टर सोबत्याचं विसरतात, कार्ड हातात ठेवा.

खरी अडचण कोच किंवा मॅट नसते, ने-आण करणारा माणूस असते. मला बुद्धिबळ स्पर्धेला न्यायला दोन वर्षं चुलतभाऊ यायचा, त्याला नोकरी लागली आणि माझ्या स्पर्धा संपल्या. आत्ताच घरात दोन-तीन माणसं ठरवून ठेवा, आणि पोराला स्टँडपर्यंत एकटं जायला शिकवा.

भोपाळचा उदगीरकर
+१. आणि नांदेडची भाग्यश्री जाधव विसरू नका, गोळाफेक करते, पॅरिसच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर तिच्या हातात तिरंगा होता. पॅरा खेळात मराठवाड्याचं नाव नाही असं नाही.

हिशेबी
दिवाळीत लातूरला मी आहे. सेलूची गाडी परळीमार्गे येते, स्टेशनवरून सरांच्या क्लबपर्यंत न्यायचं-आणायचं माझ्याकडं लागलं. टायपिंगचं मात्र बोलणार आहे त्याच्याशी.

वाकडी वाट
आं? हिशेबी साहेब? कुणीतरी स्क्रीनशॉट काढा.

जालन्याची आई
सर, मीही मुलीला घेऊन आले तर चालेल का? आणि ड्रेस कुठं मिळतो, ऑनलाइन बघितला तर किंमत बघूनच बंद केलं. शिंप्याकडून शिवून घेतला तर?

तातामी
या ताई, बॅचला बाई आहेत.

शिवून चालतो सरावापुरता. साधं शर्टाचं कापड नको, पहिल्याच दिवशी टरकतं. जाड मांजरपाट घ्या, दुहेरी, खांद्याला आणि काखेत तिहेरी शिवण, कॉलर आत पट्टी भरून जाड. बटण, चेन, खिसा काही नाही, बोट अडकतं. बाही मनगटापर्यंत आणि चांगली ढगळ, पकडायला तीच लागते. शिवायच्या आधी कापड दोनदा धुवा, आटतं.

सेलूचा मामा
आमच्या शिंप्याला सांगितलं. म्हणाला खिसा नाही तर पोरगं मोबाइल कुठं ठेवणार.